व्यवसाय गेला, स्वभाव राहिला

१९९४ साली प्रदर्शित झालेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटात टफी नावाच्या पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार शेपटीच्या कुत्र्याने क्रिकेटच्या सामन्यात पंचाची जागा सांभाळण्यापासून ते कथानकाचा गुंता सोडवणारी चिठ्ठी नेमक्या हाती नेऊन देण्यापर्यंत जी कामगिरी बजावली, ती पाहून आपल्याही घरी असाच एक ‘पॉमेरियन’ असावा असा हट्ट ज्या मुलांनी धरला, त्यांच्या वडिलांपैकी फारच थोड्यांनी असा विचार केला असेल की, या प्राण्याच्या पूर्वजांचा उद्योग काय होता आणि त्या उद्योगाची सवय त्याच्या अंगात अद्याप किती शिल्लक आहे. पुढे २००३ साली हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागोमाग, तो जाईल तेथे जाणारा, सुरकुतलेल्या तोंडाचा पग दिसू लागला. आणि ज्या शहरांत तोपर्यंत पगाचे नावही क्वचितच ऐकू येत असे, तेथे त्याच्या पिल्लांची मागणी होऊ लागली. पडद्यावरचा पग मुलाच्या मागे सुखाने धावत होता. तो धावण्यापूर्वी आणि धावल्यानंतर कसा श्वास घेत होता, हे दाखवण्याचे जाहिरातदाराला कारण नव्हते.

ही हकीकत केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत ज्यांत कुत्र्याची प्रमुख भूमिका होती अशा ८७ चित्रपटांचा अभ्यास करून २०१४ साली काही संशोधकांनी असे दाखवून दिले की, चित्रपट गाजला तर त्यातील जातीच्या पिल्लांची नोंदणी वाढते आणि हा परिणाम दहा दहा वर्षे टिकू शकतो. ठिपक्यांच्या डाल्मेशियनवरील व्यंगचित्रपट १९८५ साली तेथे पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पुढील आठ वर्षांत त्या जातीची वार्षिक नोंदणी सुमारे पाचपट झाली. आता डाल्मेशियन हा कुत्रा घोडागाडीच्या बाजूने कोसच्या कोस धावण्यासाठी वापरला जात असे, त्याच्या पांढऱ्या रंगाबरोबर जन्मजात बहिरेपणाचे प्रमाणही अधिक येते, आणि धावण्याची ती दांडगी हौस भागली नाही तर तो घरातील सामानावर सूड घेतो. परंतु चित्रात दिसत होती ती ठिपक्यांची नव्याण्णव गोजिरवाणी पिल्ले. त्याच संशोधकांपैकी काहींनी त्याच्या आदल्या वर्षी, लोकप्रिय जाती अधिक निरोगी किंवा अधिक सालस असतात काय, हेही तपासून पाहिले होते. तसा काही संबंध आढळला नाही, उलट अधिक लोकप्रिय जातींत आनुवंशिक विकारच अधिक असल्याचे दिसले. म्हणजे कुत्र्याच्या बाबतीत बहुजनांची पसंती ही गुणवत्तेची शिफारस मानता येत नाही.

माझ्या मते या सर्व घोटाळ्याचे मूळ एवढेच आहे की, कुत्र्याचे रूप डोळ्यांना दिसते आणि त्याचा व्यवसाय दिसत नाही. ज्या जातींना आज आपण मोठ्या प्रतिष्ठेने नावानिशी ओळखतो, त्यांची अधिकृत दफ्तरे फार जुनी नाहीत. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८५९ साली भरलेले प्रदर्शन हे या प्रकारच्या आधुनिक प्रदर्शनांत पहिले समजले जाते, आणि तेथे पॉइंटर व सेटर, म्हणजे दबून बसलेल्या पक्ष्याचा ठाव शिकाऱ्याला दाखवणारे, असे दोनच प्रकार मांडलेले होते; त्यानंतर १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाली आणि वंशावळीची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा शिरस्ता पडला. त्यापूर्वी कुत्र्याची ओळख मुख्यतः त्याच्या कामावरून होई: मेंढरे वळणारा, बिळात शिरणारा, पाण्यात पडलेला पक्षी दाताचा व्रण न उमटवता उचलून आणणारा, दारात बसून परक्या माणसावर भुंकणारा. जो काम चोख करी त्याची वीण पुढे चाले, जो न करी त्याची तेथेच खुंटे, आणि कानाची ठेवण किंवा शेपटीचा बाक यांची उठाठेव फारसे कोणी करीत नसे. दफ्तर उघडल्यावर मात्र नोंदलेल्या आईबापांच्याच पिल्लांची नोंद होऊ लागली, रिंगणात परीक्षकासमोर काही क्षण डौलाने उभे राहणे हीच परीक्षा ठरली, आणि कामासाठी घडवलेला देह हळूहळू रूपासाठी कातला जाऊ लागला.

कामासाठी कुत्रा कसा घडवला जाई याचे एक उदाहरण मला विशेष आवडते. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात आपोल्डा नावाच्या गावी कार्ल फ्रीडरिख लुई डोबरमान (१८३४–१८९४) नावाचे एक गृहस्थ करवसुलीचे काम करीत. वसुलीची रक्कम जवळ बाळगून ज्याला रात्रीबेरात्री हिंडावे लागते आणि जो दारात आलेला कोणालाही आवडत नाही, अशा माणसाला सोबती कसा हवा? अंगाने काटक आणि चपळ, दिसायला धाक बसेल असा, धन्याच्या शेजारून न हलणारा, आणि समोरच्याच्या हालचालीचा हेतू धन्याच्याही आधी ताडणारा. अशा गुणांचे कुत्रे हुडकून त्यांची वीण त्याने चालवली, आणि आज ज्याला आपण डोबरमन म्हणतो तो त्यातून निघाला. आपल्याकडील एखाद्या मामलेदार कचेरीतील वसुली कारकुनालाही असा सोबती मनापासून हवासा वाटला असता. पण त्याच्या दिमतीला सरकारी शिपाई असे. डोबरमनच्या घरी आजही जो पाहुणा येतो त्याच्याकडे तो थकबाकीदार म्हणूनच पाहतो, यात त्या बिचाऱ्याचा काय अपराध? ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो त्या जर्मन मेंढपाळी कुत्र्याची संस्था १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्झ या घोडदळातील अधिकाऱ्याने काढली, होरांड नावाच्या कुत्र्याला तिच्या नोंदवहीत पहिला क्रमांक दिला, आणि सौंदर्यापेक्षा उपयुक्तता श्रेष्ठ हे सूत्र तो जन्मभर सांगत राहिला. याच्या उलट बुलडॉगची कहाणी. बैलाशी झुंजवण्याचा खेळ इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला, कुत्र्याची चाकरी गेली, आणि बेकार झालेला हा पहिलवान प्रदर्शनाच्या स्वाधीन झाल्यावर त्याचे डोके इतके रुंद आणि नाक इतके आखूड होत गेले की, आज या जातीच्या बहुतांश माद्यांची बाळंतपणे शस्त्रक्रियेने करावी लागतात.

चाकरी गेली म्हणजे ती करण्याची ऊर्मीही जाते, असे मात्र घडत नाही. मेंढ्यांचा कळप एकत्र ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला बॉर्डर कॉली मेंढरे नसतील तर अंगणात खेळणारी मुले वळतो, आणि मुले वळली नाहीत तर त्यांच्या टाचेला चिमटा घेतो. डॅशहुंड बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी आखूड पायांचा केला गेला. बिज्जूच्या अभावी तो गादीची शिवण उसवतो आणि कुंड्यांतील माती उकरतो. बीगल सशाच्या मागावर टोळीने सोडला जात असे, आणि दाट झाडीत दिसेनासा झालेला कुत्रा कोठे आहे हे मागून येणाऱ्या शिकाऱ्याला कळावे म्हणून त्याचा कंठ लांबवर ऐकू जाईल असा राखला गेला. तो कंठ दुपारी दोन वाजता, घरातील सर्व माणसे कामावर गेली असता, शेजारच्या बिऱ्हाडातील रात्रपाळीवरून आलेल्या गृहस्थाला किती सुश्राव्य वाटतो याची कल्पना करता येईल. लॅब्राडॉर न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांच्या मदतनीस कुत्र्यांचा वंशज. तो चपला तोंडात धरून हिंडतो, कारण त्याच्या तोंडाला काहीतरी वाहून न्यावेसे वाटते, आणि त्याचे दाट दुहेरी केस थंड पाण्यासाठी असल्यामुळे ते वर्षभर गादीवर आणि जेवणाच्या ताटावर गळत राहतात. त्याच्या अधाशीपणाची जी थट्टा सर्वत्र होते, तिचेही एक शास्त्रीय कारण २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले: भुकेच्या नियमनाशी संबंधित असलेल्या एका जनुकाचा एक तुकडा सुमारे चतुर्थांश लॅब्राडॉरांत गळलेला आढळतो, आणि अशांना पोट भरल्याची वर्दीच नीट पोचत नाही. असा कुत्रा घेणाऱ्याच्या घरात प्रत्येक पोळीला हात आखडता घेणारे एक तरी माणूस असावे लागते, आणि आपल्याकडील आजी या नेमणुकीस साधारणतः सर्वथैव अपात्र ठरतात.

या दृष्टीने पाहिले असता देशी कुत्र्यांचा विचार अधिक जिव्हाळ्याचा आणि अधिक अवघडही होतो. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर आणि त्यांच्या लगतच्या विजापूर–बागलकोट या दख्खनच्या पट्ट्यात जो सडपातळ, उंच, खोल छातीचा आणि लांबट तोंडाचा कुत्रा शेतकऱ्यांनी व भटक्या समाजांनी सांभाळला, त्याला कोणी कारवानी म्हणतात, कोणी मुधोळ. कानांवर, पायांवर आणि शेपटीवर रेशमी झालर असलेल्याला पश्मी म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत त्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ अशी आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत ‘मुधोळ हाउंड’ अशी. एकाच मिळकतीवर दोन दफ्तरांत दोन खाती असावीत, हे आपल्या महसुली परंपरेला साजेसेच आहे. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. तेथील राजेसाहेबांनी या कुत्र्यांना आश्रय दिल्यामुळे गावाचे नाव त्यांना चिकटले. गावानजीक तिम्मापूर येथे आता विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली त्यांत रामपूर, राजपालयम व हिमालयी मेंढपाळी कुत्रा यांच्या पंक्तीला मुधोळ बसला, आणि २०१६ साली लष्कराने त्याची पिल्ले शिक्षणासाठी मेरठला नेली.

इतका मानसन्मान झाल्यावर त्याची मागणी वाढली नसती तरच नवल. २०२० साली पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी जातींची नावे घेतली, आणि जी हौस पूर्वी परदेशी रूपावर लुब्ध होती ती आता स्वदेशीचा वेष घेऊन आली. हौसेचा विषय बदलला हे चांगलेच झाले. तिची रीत बदलली असे मात्र मला वाटत नाही. कारण मुधोळचा व्यवसाय कोणता? मैलभर उघड्या माळावर पुढे उसळलेला ससा डोळ्यांनी टिपून, क्षणात वेग घेऊन, वळणावर वळण घेत त्याला गाठणे. त्याची लांब टांग, कण्याची कमान, चरबीचा अभाव, मोठे हृदय, हे सर्व त्या अल्पकालीन वेगासाठी. आणि हाच व्यवसाय वन्यजीव संरक्षण कायद्याने आता गुन्हा ठरलेला आहे, हे योग्यच झाले. परंतु कायद्याचा हुकूम मनुष्यावर बजावता येतो, कुत्र्याच्या डोळ्यावर बजावता येत नाही. समोरून मांजर, कोंबडी अथवा शेळीचे करडू पळाले की मुधोळच्या कानी मालकाची हाक पोचत नाही. तो बंडखोर झालेला नसतो, तर नजरेने केलेल्या कामात हाकेला कधी स्थानच नव्हते. पक्षी आणून देणारा कुत्रा दर पावलाला शिकाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, कारण हुकुमावाचून त्याचे काम अडते; ससा धरणारा कुत्रा एकदा सुटला की स्वतःच कारभारी असतो. एकाला आज्ञाधारक आणि दुसऱ्याला मठ्ठ म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि दोन्ही निर्णय मला सारखेच उथळ वाटतात.

तथापि कारवानी कुत्र्याच्या पारड्यात टाकण्यासारखे पुष्कळ आहे. त्याचे केस आखूड असल्यामुळे निगा कमी लागते, दख्खनच्या उन्हाळ्याशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे, आणि दिवसातून एकदा दोनदा मनसोक्त धावून झाले की तो उरलेला वेळ बहुधा झोपण्यात घालवतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही, आवाज चढवून केलेल्या शिक्षेने तो बिघडतो, आणि ज्या घरी पाहुण्यांची वर्दळ अखंड आणि मुलांचा गलका अमर्याद असतो तेथे तो कोपरा धरून बसतो. चारही बाजूंनी कुंपण असलेले शेत ज्याच्याजवळ आहे आणि ज्याला अबोल माणसांची संगत आवडते, त्याने या कुत्र्याचा विचार अवश्य करावा. पाचव्या मजल्यावरील दोन खोल्यांत ठेवलेल्या मुधोळची आणि तेथेच ठेवलेल्या हस्कीची स्थिती यांत मात्र देशी–परदेशी हा भेद फारसा उरत नाही.

हस्कीचा उल्लेख आला म्हणून हवामानाविषयी चार शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण याच एका बाबतीत आपल्याकडील हौशी लोक अक्षम्य वाटावे इतके बेफिकीर असतात. सायबेरियातील चुकची लोकांनी घडवलेला हा घसरगाडी ओढणारा कुत्रा. १९२५ साली अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ आली असता अशाच कुत्र्यांच्या टप्प्याटप्प्याने बदललेल्या चमूंनी हजार किलोमीटरांहून अधिक बर्फाळ वाट साडेपाच दिवसांत तुडवून औषध पोचवले, आणि त्या पराक्रमाने त्यांचे नाव जगभर झाले. ज्याच्या अंगावर अशा वाटेसाठी दुहेरी लोकरीचे पांघरूण आहे, त्याला नागपूरच्या वैशाखात वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवणे म्हणजे त्याला पाळणे की नजरकैदेत ठेवणे, हे मालकानेच ठरवावे. सेंट बर्नार्डचे घर आल्प्समधील सुमारे २,४७० मीटर उंचीच्या खिंडीतील मठात होते. तोही आमच्या शहरांतून हिंडताना दिसतो. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगावर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने तळव्यांत असतात, आणि देहातील उष्णता घालवण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे, जेणेकरून तोंडातील व नाकातील ओलावा वाफ होऊन उडून जावा. यावरून दोन गोष्टी निघतात. ज्याचे नाकच दाबून आखूड केले आहे, म्हणजे पग, बुलडॉग, शिह्‌त्झू इत्यादी, त्याचा हा मार्ग जन्मतःच अरुंद असतो. आणि त्याची घरघर ऐकून कौतुकाने हसणारे लोक वस्तुतः त्याची श्वासासाठी चाललेली ओढाताण ऐकत असतात. दुसरी गोष्ट अशी की, हवा आधीच दमट असेल तर वाफ उडत नाही. म्हणून मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथील बत्तीस अंश हे त्या कुत्र्याला विदर्भातील कोरड्या अडतीस अंशांपेक्षा अधिक जाचक होऊ शकतात. त्यात पावसाळ्यातील गोचिडांचा उपद्रव. लांब केसांच्या कुत्र्यांत त्या सापडत नाहीत आणि गोचिडांच्या तापाने कुत्रा दगावू शकतो.

घर लहान म्हणून कुत्रा लहान, हा हिशेब सरळ वाटतो पण तो चुकतो. ग्रेट डेन हा वासराएवढा कुत्रा सकाळ–संध्याकाळची रपेट झाली की दिवाणखान्यात निमूटपणे पडून राहतो, तर कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी तयार केलेला जॅक रसेल टेरियर मांजराहून फारसा मोठा नसूनही सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उद्योग शोधत असतो. अर्थात ग्रेट डेनच्या बाबतीत दुसरे दुःख असते. अशा अजस्र जाती बहुधा सात ते दहा वर्षांपलीकडे जगत नाहीत, आणि लहान चणीचे कुत्रे बारा–पंधरा वर्षे सहज काढतात, म्हणजे आज शाळेत जाणाऱ्या ज्या मुलासाठी पिल्लू आणले ते मूल नोकरीसाठी परगावी गेल्यावरही कुत्रा घरीच असतो. गृहनिर्माण संस्थेला बहुमताच्या ठरावानेही कुत्रा पाळण्यास मनाई करता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे, तेव्हा त्या बाजूने हरकत नाही. पण परिपत्रक दाखवल्याने शेजाऱ्याची झोप परत येत नाही. घरातल्या घरातही श्रमविभागणी आधी मुक्रर करावी. बहुतेक मराठी घरांत जातीची निवड मुलगा करतो, पैसे वडील देतात आणि पहाटे साडेपाचला पट्टा हातात घेऊन जिना उतरते ती आई. तेव्हा तीस किलोंचा तरुण लॅब्राडॉर एखाद्या मांजराकडे झेपावला असता तो पट्टा कोणाच्या मनगटाला आहे याचा विचार करूनच जात ठरवणे न्याय्य होईल. घरात गुडघ्यांनी अधू झालेले आजोबा असतील तर लाडाने अंगावर उड्या घेणारा दांडगा कुत्रा त्यांना पाडतो, आणि रांगते मूल असेल तर पाच पौंडांच्या खेळण्यातल्या कुत्र्याचीच हाडे मोडण्याची भीती अधिक.

जात ठरली तरी पिल्लू ठरायचे असतेच. विक्रेत्यांचा मोठा भर ‘पेपरवाले पिल्लू’ यावर असतो. तो दाखला आईबापांचे नाव सांगतो, त्यांचे खुबे, डोळे, हृदय धड आहेत की नाहीत हे सांगत नाही. यास्तव दाखल्याआधी आई पाहावी, आणि ज्या ठिकाणी काही ना काही सबब सांगून ती दाखवली जात नाही तेथून उठावे. अमेरिकेच्या मेन प्रांतातील बार हार्बर येथे स्कॉट व फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी बासेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेल्टी व फॉक्स टेरियर अशा पाच जातींवर अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून असे दिसले की वयाच्या सुमारे तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसांशी आणि आपल्या भावंडांशी जी ओळख करून घेते तिचा ठसा जन्मभर राहतो. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास बंदी आहे. म्हणजे पिल्लू कायदेशीरपणे घरी येते तेव्हा त्या मोलाच्या काळातील अर्ध्याहून अधिक भाग उलटून गेलेला असतो, आणि तो अंधाऱ्या पिंजऱ्यात गेला की माणसांच्या वावरात, हे सोन्यासारख्या वंशावळीपेक्षाही महत्त्वाचे ठरते.

येथे कोणी वाचक विचारील की, जातीवरून स्वभाव कळतो असे एकीकडे म्हणायचे आणि संगोपनावरून कळतो असे दुसरीकडे, तर खरे काय धरावे. २०२२ साली अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासून अमेरिकेत जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने या वादात बरीच शिस्त आणली. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक आढळतो, त्यातील अवघा नऊ टक्के फरक जातीमुळे पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा वाचून जातिव्यवस्था मोडीत निघाल्याचा आनंद काहींनी व्यक्त केला. पण त्याच अभ्यासात हेही होते की, माणसाच्या सूचनेला प्रतिसाद देण्याची तत्परता, वस्तू उचलून आणणे, लांब सूर काढणे अशा, म्हणजे कामाशी निगडित असलेल्या, सवयींत जातीचा वाटा त्यामानाने अधिक दिसतो, आणि चिडण्याची किंवा चावण्याची प्रवृत्ती यांत तो फारच थोडा दिसतो. मला यात विसंगती वाटत नाही. पूर्वजांनी कुत्रा निवडला तो हुन्नरासाठी. सौजन्यासाठी निवडण्याची त्यांना सवड नव्हती. हुन्नर वारशाने येतो, गोड स्वभावाची हमी मात्र कोणत्याच जातीचा विक्रेता देऊ शकत नाही, आणि देत असेल तर तो एक तर अजाण आहे किंवा त्याच्याजवळचा माल खपत नाही.

राहिला आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा. त्याला जात नाही असे म्हणण्याची चाल आहे. वास्तविक उभे कान, आखूड केस, वळलेली शेपटी, मध्यम बांधा हे त्याचे रूप कोणा क्लबाने नव्हे तर या देशाच्या हवेने, रोगराईने आणि अर्धपोटी दिवसांनी ठरवलेले आहे, आणि मानवी वस्तीच्या कडेला राहून उरलेसुरले खाणे व नव्या माणसाची वर्दी देणे हा त्याचा परंपरागत उद्योग आजही चालू आहे. घरात घेतल्यावर तो हा उद्योग सोडीत नाही. दूधवाला बदलला की सगळ्या इमारतीला कळते, मोलकरणीच्या नवऱ्याची ओळख पटायला महिना जातो, आणि ज्याने रस्त्यावर दोन–तीन वर्षे काढली आहेत त्याला साखळी प्रथमतः अपमानास्पद वाटते. परंतु अशा प्रौढ कुत्र्याचा एक मोठा फायदा असतो: त्याचा स्वभाव घडून झालेला असतो. कानाला छोटी खाच असेल तर नसबंदीही होऊन गेलेली आहे, आणि तिच्याबरोबर श्वानदंशाची लस दिली जाण्याचा नियम आहे. ती पुढे वर्षाच्या वर्षाला द्यावी आणि महानगरपालिकेचा परवाना काढावा. त्याला घरी आणण्याआधी संध्याकाळच्या वेळी गल्लीतून एक फेरी मारून आणावी, जाताना वाटेत एखादी दुचाकी, एखादी शेळी, छत्री घेतलेला एखादा अनोळखी माणूस आणि चेंडू खेळणारी मुले भेटतील अशा बेताने रस्ता निवडावा, आणि तो कोणाच्या मागे धावतो, कोणाला पाहून शेपूट पोटाशी घेतो, कोणाला हुंगून पुढे जातो, हे शांतपणे पाहावे. अर्ध्या तासात जे कळते, ते पिल्लाच्या बाबतीत कळण्यास दीड वर्ष थांबावे लागते.